यादीतील नाव आणि नावामागील नोंद
जुन्नर-आंबेगावच्या ग्रामनामांच्या आधारे

जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद, वडगाव सहाणी आणि वडगाव कांदळी अशी वडगावे आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर ही आणखी दोन. आंबेगावातच पिंपळगाव तर्फे महाळुंगे व पिंपळगाव तर्फे घोडे अशी जोडी असून जुन्नरच्या बाजूस पिंपळगाव जोगा आहे. कागदोपत्री ही नावे पूर्ण लिहिली जातात. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र मंचरच्या बाजारात उभा असलेला मनुष्य ‘वडगावला जातो’ एवढेच म्हणतो आणि ऐकणारास ते पुरते. कोणते वडगाव हे बोलणाराची दिशा, त्याची सोयरीक, बाजाराचा वार आणि उभयतांची ओळख यांवरून ठरते. नावाचे दुसरे पद, मग ते ‘पीर’ असो, ‘कांदळी’ असो की ‘तर्फे घोडे’ असो, गरज पडेल तेव्हाच उच्चारावयाचे असते. एरव्ही ते ऐकणाराच्या मनात नावामागे उभे असते, इतकेच.

संगणकाच्या पडद्यावरील यादीला असा प्रसंग लाभत नाही. ग्रामनामांच्या किंवा बोलींच्या अभ्यासकाने दोन तालुक्यांतील गावांची यादी खिडकीत मांडली, एका नावावर बोट ठेवले आणि त्या गावी ध्वनिमुद्रित केलेले बोलणे त्या नावाशी जोडले, की ते बोलणे कोणत्या गावचे हे यापुढे यंत्र सांगणार. यंत्राला दिसते ती अक्षरांची एक ओळ. त्या ओळीमागे काय ठेवावे, कोठे ठेवावे, आणि ओळीला रंग दिल्यास त्या रंगाचा त्या ठेव्याशी संबंध कसा राखावा, हा वरवर कारागिरीचा दिसणारा प्रश्न आहे. भाषाभ्यासकास तो परका वाटू नये.

‘आंबेगाव’ हे नावच घ्यावे. ते एका तालुक्याचे नाव आहे. त्या तालुक्याची कचेरी मात्र आंबेगावात नसून घोडेगावी आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. याखेरीज पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या अंगास, आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द आहेत. म्हणजे ‘आंबेगाव’ ही एकच अक्षरओळ एक प्रशासकीय विभाग, एक बुडालेले गाव आणि शहराच्या कडेची दोन गावे यांपैकी कोणाचीही खूण असू शकते. बुडित गावातून उठून गेलेल्या एखाद्या वृद्धेचे बोलणे चुकून कात्रजच्या आंबेगावाखाली नोंदले गेले, तर ती चूक पुन्हा त्या गावी जाऊन दुरुस्त करता येण्याजोगी नाही. गाव पाण्याखाली आहे, आणि ते बोलणे जिभेवर असलेली पिढी दरवर्षी कमी होत आहे.

फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून चिन्हाची दोन अंगे वेगळी मानण्याची सवय भाषाशास्त्रास लागली आहे. खुणेचे रूप एक, आणि त्या खुणेने सुचविलेली कल्पना दुसरी. पडद्यावरील यादीत या दोन अंगांना तिसरे एक जोडले जाते, ते म्हणजे प्रत्यक्ष वस्तूची नोंद. गावाचा तालुका, त्याचा जनगणनेतील संकेतांक, ते नांदते आहे की उठले आहे, तेथे कोणाचे ध्वनिमुद्रण झाले, ही सारी त्या नोंदीची अंगे होत. ही नोंद वाचणारास दिसत नाही, परंतु नाव निवडताच ती हाती आली पाहिजे.

पुण्यात या रचनेचा एक भव्य नमुना संगणकाच्या पुष्कळ आधीपासून आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या कामासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द असतो आणि त्याच्यासोबत ग्रंथ, स्थळ, संदर्भ. खण उघडणाराची नजर प्रथम शब्दावर जाते, परंतु कोशाचे खरे भांडवल शब्दाखालच्या मजकुरात असते. चिठ्ठी खणातून काढली, पालथी पडली किंवा दुसऱ्या क्रमाने लावली, तरी शब्द आणि संदर्भ एकाच कागदावर असल्यामुळे त्यांची ताटातूट होत नाही. पुढील सर्व विवेचनाचे सार या कागदात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

संगणकाच्या यादीत ही ताटातूट फार सहज होते, कारण नवशिका मनुष्य दोन याद्या करतो. एका यादीत पडद्यावर दाखवावयाची नावे, दुसरीत त्याच क्रमाने त्यांच्या नोंदी. सातव्या नावावर बोट ठेवले की सातवी नोंद काढावयाची. यादी जशी भरली तशीच राहील तोवर हे चालते. परंतु नावे वर्णानुक्रमे लावली, मधले एखादे गाव काढले, किंवा केवळ जुन्नरची गावे दाखवावयाची ठरविली, की पडद्यावरील सातवे नाव आणि मागील सातवी नोंद यांचा संबंध सुटतो. यंत्र याबद्दल तक्रार करीत नाही, कारण सातवी नोंद अस्तित्वात असतेच. ती दुसऱ्याच गावाची असते एवढेच. मोडून पडणाऱ्या आज्ञावलीपेक्षा अशी गोड बोलून चुकीचे सांगणारी आज्ञावली संशोधनास अधिक घातक होय.

जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये या खोड्याचे एक विशेष रूप होते. तेथील यादीपेटीत प्रत्येक ओळीस ‘आयटेमडेटा’ नावाची एक पूर्णांक संख्या जोडता येत असे. सोय चांगली, पण यादी आपोआप वर्णानुक्रमे लागावी अशी खूण केली असेल, तर नव्याने घातलेले ‘ओतूर’ शेवटी न जाता मध्येच कोठेतरी बसे. लिहिणारा मात्र शेवटच्या ओळीला संख्या जोडून मोकळा होई आणि ओतूरचा संकेतांक तिसऱ्याच गावास चिकटे. नवी ओळ कोठे बसली हे सांगणारा ‘न्यूइंडेक्स’ हा गुण याचसाठी ठेविलेला होता. तो न वापरल्यामुळे झालेल्या चुका पुष्कळांच्या परिचयाच्या असतील. विंडोजच्या मूळ यादीपेटीतही प्रत्येक ओळीमागे एकच संख्या ठेवता येते. पुष्कळदा ती संख्या म्हणजे स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता असते, आणि त्या जागी जे ठेविले ते जिवंत राखण्याची जबाबदारी लिहिणारावर पडते.

पुढच्या पिढीच्या साधनांनी चिठ्ठीची कल्पना स्वीकारली. डॉटनेटच्या यादीपेटीत ओळ म्हणून अक्षरे न घालता संपूर्ण वस्तूच घालता येते. पडद्यावर तिचे ‘टूस्ट्रिंग’ने दिलेले रूप दिसते आणि निवड झाली की वस्तू जशीच्या तशी हाती येते. तेथील ‘लिस्टव्ह्यू’ या दुसऱ्या साधनात ओळीला ‘टॅग’ नावाचा एक खिसाच दिलेला आहे व ओळीचा रंगही थेट सांगता येतो. साध्या यादीपेटीत मात्र निरनिराळ्या ओळींना निरनिराळे रंग हवे असतील, तर प्रत्येक ओळ रेखाटण्याचे काम लिहिणाराने स्वतःकडे घ्यावे लागते. पायथॉनसोबत येणाऱ्या टीकेच्या यादीपेटीत उलट स्थिती आहे. तेथे ओळीला रंग देण्याची सोय आहे, पण नोंद ठेवण्यास खिसा नाही, ओळ म्हणजे केवळ अक्षरे. म्हणून त्या साधनाने काम करणाराने ‘ट्रीव्ह्यू’कडे वळावे हे बरे. त्यात प्रत्येक ओळीस तिची स्वतःची ओळखखूण देता येते, आणि रंग ओळीला न देता ओळीवरील शिक्क्याला दिला जातो.

या सर्वांत क्यूटी या साधनसंचाची मांडणी विचाराच्या दृष्टीने अधिक स्वच्छ आहे. २००५ साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून यादीतील एक घटक म्हणजे एक ओळ नसून अनेक ‘भूमिकां’चा समूह मानला जातो. शून्य क्रमांकाच्या भूमिकेत दिसावयाची अक्षरे असतात. आठव्यात पार्श्वभूमीचा रंग, नवव्यात अक्षरांचा रंग. २५६ पासून पुढच्या भूमिका वापरणारासाठी मोकळ्या सोडल्या असून त्यांतील पहिलीस ‘यूजररोल’ असे नाव आहे. ‘सेटडेटा’ने तेथे हवे ते ठेवावे आणि ‘डेटा’ने परत मागावे. २५६ मध्ये गावाचा संकेतांक, २५७ मध्ये स्थिती, २५८ मध्ये वर्णानुक्रमाची किल्ली असे वाटप करता येते. घटक वर सरकला, खाली गेला, दुसऱ्या क्रमाने लागला, तरी या सर्व भूमिका त्याच्यासोबत जातात. चिठ्ठी हीच, फक्त तिच्यावरील रकाने क्रमांकांनी ओळखले जातात. हे क्रमांक आज्ञावलीत जागोजागी तसेच न लिहिता त्यांस एकदाच नावे द्यावीत, नाहीतर सहा महिन्यांनी २५७ म्हणजे काय हे लिहिणारासही आठवत नाही.

वर्णानुक्रमाची किल्ली वेगळी का ठेवावयाची, हा प्रश्न मराठीपुरता तरी अगत्याचा आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या अलीकडे आहे. आपल्या शालेय वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. यंत्राने केवळ अक्षरांच्या संकेतांकांची तुलना केली, तर जुन्नर तालुक्यातील काळवाडी कावळपिंपरीच्या आधी येईल. मराठी क्रमाने कावळपिंपरी आधी यावयास हवी. क्यूटीसारखी काही साधने तुलना करताना संगणकाच्या स्थानिक मांडणीचा सल्ला घेतात. त्यामुळे एकच यादी दोन यंत्रांवर दोन क्रमांनी दिसण्याचा संभव असतो. यास उपाय असा की प्रत्येक नावापासून, ‘ळ’ला ‘ह’च्या पुढचे स्थान देणारी, एक किल्ली तयार करून ती घटकामागे ठेवावी आणि क्रम त्या किल्लीवरून लावावा. पडद्यावर ‘काळवाडी’ हेच दिसते. किल्ली कोणी पाहत नाही.

याच कारणास्तव दिसणारी अक्षरे ही ओळख म्हणून वापरू नयेत. ‘आंबेगाव’ कोणी अनुस्वाराने लिहितो, जुन्या कागदात ‘आंबेगांव’ सापडते, कोणी ‘आम्बेगाव’ असेही टंकित करतो. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि त्याखालील टिंब अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांस फरक दिसत नाही, पण साधी तुलना करणाऱ्या यंत्रास ही दोन भिन्न नावे वाटतात. लेखनभेद हा अभ्यासाचा विषय असू शकतो, ओळखीचा आधार होऊ शकत नाही.

शिलालेखांच्या अभ्यासकांनी हा धडा फार पूर्वी गिरविला आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा येथील लेण्यांत दानलेखांची दाटी आहे, आणि त्यांची शब्दसंपत्ती मोजकीच आहे. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘लेण’, ‘मटप’, ‘देयधम’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी एक पोढी व एक मंडप दिला; इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. ‘पोढीचा लेख’ असे म्हणून कोणता लेख अभिप्रेत आहे हे कळणार नाही. हाइन्रिख ल्यूडर्स याने १९१२ साली ब्राह्मी लेखांची जी यादी सिद्ध केली तिने प्रत्येक लेखास क्रमांक दिला, आणि तेव्हापासून नाणेघाटातील नागनिकेचा लेख हा कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्या पंडितास १११२ आहे. वाचन बदलले, एखादे अक्षर नव्याने लागले, अर्थाबद्दल वाद झाला, तरी क्रमांक ढळत नाही. यादीतील ओळीमागे ठेवावयाची पहिली गोष्ट अशी न ढळणारी खूण होय. गावांच्या बाबतीत २०११ च्या जनगणनेने प्रत्येक खेड्यास दिलेला सहा अंकी संकेतांक ते काम करतो. बाकीची माहिती एखाद्या कोष्टकात ठेवावी व ओळीमागे केवळ ही खूण असावी. सारी नोंद ओळीमागे कोंबली तर तिच्या दोन प्रती होतात आणि कालांतराने त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

खूण वस्तूची असावी, जागेची नव्हे, हे माळीण गावाच्या उदाहरणाने ध्यानात येते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराचा कडा कोसळून आंबेगाव तालुक्यातील या गावाची वस्ती गाडली गेली आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. उरलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे माळीण वसविण्यात आले. लोक तेथे २०१७ साली राहावयास गेले. जो अभ्यासक गावाची ओळख अक्षांश-रेखांशांवरून ठरवील त्याच्या यादीत जुने व नवे माळीण ही दोन गावे होतील. जो नावावरून ठरवील त्याच्या यादीत ते एकच राहील, पण २०१४ पूर्वीचे ध्वनिमुद्रण नव्या वस्तीवर झाले असे वाटू लागेल. ओळख एक, आणि तिच्याखाली कालखंडांसह दोन स्थळे, अशीच नोंद येथे खरी ठरते.

आता रंगाविषयी. जुन्नरची गावे एका रंगात, आंबेगावची दुसऱ्या रंगात, बुडित गावे करडी, उठून दुसरीकडे वसलेली तपकिरी, अशी योजना प्रथमदर्शनी सोयीची वाटते. परंतु जुने आंबेगाव आंबेगाव तालुक्यातले आहे आणि बुडितही आहे. त्याला कोणता रंग द्यावा? येथे रंगाची स्थिती मराठी क्रियापदाच्या प्रत्ययासारखी होते. ‘गेली’ यातील अंत्य ‘ई’ एकाच वेळी लिंग व वचन दोन्ही सांगते, आणि तिचे तुकडे करून अमुक भाग लिंगाचा व अमुक वचनाचा असे दाखविता येत नाही. प्रत्ययांचे कोष्टक बालपणापासून मुखोद्गत असल्यामुळे बोलणारास अडचण पडत नाही. करड्या-तपकिरीचे कोष्टक कोणासच मुखोद्गत नसते. म्हणून दोन भिन्न कोटी एकाच रंगात मिसळू नयेत. पार्श्वभूमी तालुक्यासाठी व अक्षरांचा रंग स्थितीसाठी असे विभाजन केल्यास निदान दोन कोटी सुट्या राहतात. तिसरी आली तर तिला रंग न देता वेगळा स्तंभ द्यावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रंग हा नोंदीचा परिणाम असावा, स्वतःच नोंद असू नये. ‘ज्या ओळी करड्या आहेत त्या मोज’ असे यंत्रास सांगून बुडित गावांची संख्या काढणारे लोक आढळतात. स्थिती २५७ व्या भूमिकेत असेल आणि रंग तिच्यावरून ठरत असेल तर मोजणी स्थितीची करावी. रंग अनेक मार्गांनी बदलतो. ओळ निवडली की निवडीचा रंग तिच्या रंगावर चढतो. काळ्या पार्श्वभूमीची मांडणी पसंत करणाऱ्याच्या पडद्यावर करडी अक्षरे दिसेनाशी होतात. लाल-हिरव्यातील भेद पुष्कळांच्या दृष्टीस पडतच नाही. जावाच्या स्विंग साधनात सर्व ओळी एकाच रेखाटकाकडून, एखादा शिक्का पुन्हापुन्हा उमटवावा तशा, काढल्या जातात. एका बुडित गावासाठी करडा केलेला रेखाटक पुढच्या ओळीसाठी पूर्ववत केला नाही, तर खालची सारी नांदती गावे बुडालेली दिसतात! टीकेच्या ८.६.९ या आवृत्तीत तर दोष असा निघाला की ‘ट्रीव्ह्यू’मध्ये शिक्क्यांना दिलेले रंग पडद्यावर उमटतच नसत. ज्यांनी शिक्क्यात स्थिती साठविली होती त्यांचे काही बिघडले नाही, कारण शिक्के जागच्या जागी होते. ज्यांची स्थिती केवळ डोळ्यांनी पाहावयाच्या रंगात होती त्यांची यादी त्या दिवशी मुकी झाली.

जतन करण्याची बाब थोडक्यात सांगता येईल. यादीतील नावे साध्या मजकुराच्या धारिकेत उतरविली की रंगही जातो आणि ओळीमागची नोंदही जाते. उरतात ती पाच वडगावे. म्हणून जतन करताना प्रथम संकेतांक, मग स्थिती, मग नाव असे स्तंभ लिहावेत, रंग मुळीच लिहू नये. धारिका पुन्हा उघडताना स्थितीवरून रंग नव्याने काढला जावा.

राहता राहिला प्रश्न ज्या स्थळांस जनगणनेचा संकेतांक मिळत नाही त्यांचा. वाड्या, पाडे, ठाकरवस्त्या यांची गणना पुष्कळदा मोठ्या गावातच होते, आणि बोलींच्या दृष्टीने तर याच वस्त्या मोलाच्या असतात. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव ही पाचही या दोन तालुक्यांतच असल्यामुळे पाण्याखालील जमिनीच्या जुन्या नावांचा प्रश्नही वारंवार येतो. अशा स्थळांस संशोधकाने स्वतःची खूण द्यावी, पण ती सहा अंकी असू नये, नाहीतर एखादे दिवशी ती खऱ्या संकेतांकाशी टक्कर घेईल. अक्षराने सुरू होणारी खूण, जसे ‘बु-०१’, सुरक्षित असते. मात्र ओळीमागे केवळ पूर्णांक संख्या ठेवू देणाऱ्या जुन्या साधनांत ती बसत नाही, आणि संख्येच्या आरंभीचे शून्यही तेथे टिकत नाही. तेथे ऋण संख्या वापराव्यात. जनगणनेने कोणत्याही गावास ऋण संकेतांक दिलेला नाही.